उपच्छायेतील मुलूख

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात ज्याचा दिवस जातो, त्याला इंधन आणि काम यांचे नाते पोथी उघडून समजावून सांगावे लागत नाही. वीज गेली की यंत्रे थांबतात. परंतु थांबणे निराळे आणि मोडणे निराळे, हे येथील नवशिक्या फिटरालाही ठाऊक असते. थांबलेले यंत्र वीज परत येताच पूर्ववत फिरू लागते. ओतकामाच्या विजेवरील भट्टीतला रस मात्र भट्टीतच थिजून गेला, तर पुढे वीज आली तरी ती व्यर्थ होय, कारण मग भट्टीच फोडावी लागते. म्हणून वीज जाताच कारखान्यातील जाणत्या माणसाची दृष्टी प्रथम घड्याळाकडे वळते. मेंदूच्या रोहिणीत गुठळी अडकून माणसाची एक बाजू लुळी पडते, तेव्हा मेंदूतही हेच घडत असते, आणि तेथेही थांबणे व मोडणे यांच्यामध्ये काही घटकांचा अवधी असतो, ही गोष्ट वैद्यकास उमगण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ती कशी उमगली, आणि ती न उमगल्यामुळे तत्पूर्वी काय काय घडले, तो वृत्तांत येथे सांगावयाचा आहे.

मराठीत या विकाराला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, वातव्याधींच्या परिवारात पक्षवधाचे वर्णन आले आहे, आणि वातदोषाची तीच कल्पना लोकांच्या बोलण्यात ‘वारे’ होऊन उतरली असावी. इकडे जबलपुरात हिंदीभाषक शेजारी त्याला लकवा म्हणतात. उर्दू जाणणारी जुनी मंडळी फालिज म्हणत. नावे निरनिराळी असली तरी मराठी शब्दप्रयोगातील भूतकाळ मला नेहमी अस्वस्थ करतो. वारे गेले, म्हणजे जे व्हावयाचे ते होऊन चुकले. रोगी म्हणजे वादळ ओसरल्यावर मागे राहिलेले पडके घर. आता घाई कशाची, असा एक निरुपाय त्या शब्दांत मुरलेला आहे.

या निरुपायाचा एक बळी खुद्द जबलपूरचा धनी होता. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी जिंकले, आणि १७९८ साली नर्मदेच्या खोऱ्यातील हा मुलूख पेशव्यांनी नागपूरकर भोसल्यांस दिला. दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी निवर्तले व त्यांचे पुत्र परसोजी गादीवर बसले. हे परसोजी अंध, पांगळे आणि पक्षाघाताने जखडलेले होते, अशी नोंद इंग्रजी दप्तरात आहे. त्यांचे चुलतबंधू मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब कारभारी झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. आणि १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी आपल्या शय्येवर मृतावस्थेत आढळले. त्यांचा गळा आवळला गेला होता. पुढे नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली आणि डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. परसोजींचा विकार मेंदूतील गुठळीमुळेच उद्भवला होता असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. परंतु ज्याचे अंग हलत नाही तो असून नसल्यासारखा, हा दरबाराने मनोमन दिलेला निवाडा त्या वधाच्या आधीच होऊन गेला होता, आणि खुनी हाताचे काम त्या निवाड्यानेच सोपे केले, याविषयी मला संशय वाटत नाही.

त्या निवाड्याला उत्तर मिळाले ते सत्तर वर्षांनी, पुण्यात. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातील सभेत जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी लोकांनी अर्पण केली, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतबाहेर, जुलै महिन्यात, त्यांच्यावर पक्षाघाताचा आघात होऊन त्यांची उजवी बाजू निकामी झाली. वय एकसष्ट वर्षांचे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, सावित्रीबाईंनी शुश्रूषा केली. पण ज्या उजव्या हाताने आयुष्यभर लिहिले तो हात परत आला नाही. जोतीरावांनी मग डाव्या हातात लेखणी धरली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा आपला अखेरचा ग्रंथ त्या हाताने लिहून पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, व ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. याच जोतीरावांनी १८६३ च्या सुमारास धातूंच्या ओतकामाचे साहित्य पुरविण्याचा व्यवसाय आरंभिला होता, ही गोष्ट रिछाईत बसून लिहिणाऱ्यास आठवल्याशिवाय कशी राहील? भट्टी केव्हा थिजते हे त्यांना माहीत होते. आपली भट्टी थिजलेली नाही, हे त्यांनी लिहून सिद्ध केले.

शरीराच्या एका बाजूचा कारभार मेंदूच्या दुसऱ्या बाजूकडे असतो, हे प्राचीन ग्रीक वैद्यांच्याही ध्यानात आले होते. पण आघाताचे कारण काय, हा प्रश्न दीर्घकाळ तसाच राहिला. शाफहाउझेन या स्विस नगरीतील योहान याकोब वेप्फर या वैद्याने झटक्याने मेलेल्या रोग्यांच्या मस्तकांचे विच्छेदन केले आणि १६५८ साली ग्रंथ लिहून दाखविले की, मेंदूत रक्तस्राव होऊन अथवा रोहिणीचा मार्ग रुद्ध होऊन हा आघात घडतो. इंग्लंडात टॉमस विलिस याने १६६४ साली, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरत मारली त्याच वर्षी, मेंदूच्या तळाशी असलेले रोहिण्यांचे वर्तुळ वर्णन केले. त्या ग्रंथातील चित्रे पुढे लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने काढली होती. गडाला एकाहून अधिक वाटा असाव्यात, एक रोखली गेल्यास दुसरीने रसद चढावी, अशीच ती निसर्गाची तजवीज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत रुडोल्फ फिरखो याने गुठळी जागीच कशी धरते आणि दूरची गुठळी रक्ताबरोबर वाहत येऊन कशी अडकते, हे दोन प्रकार वेगळे करून सांगितले. एवढ्याने मोडण्याचे कारण कळले. थांबण्याचा मात्र अद्याप कोणी विचारही केला नव्हता.

जोतीरावांनी देह ठेवला त्याच १८९० साली केंब्रिजच्या चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मेंदूचा जो भाग कामास लागतो, त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि ही व्यवस्था मेंदू स्वतःच पाहतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मेंदूला विचारासाठी इंधन लागते ही कल्पना यापुढे शरीरशास्त्रात रुजली. तथापि ते इंधन किती, याचे मोजमाप होण्यास आणखी अर्धशतक गेले. फिलाडेल्फियात सीमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसास नायट्रस ऑक्साइड हा वायू अल्प प्रमाणात हुंगावयास देऊन, मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूकडून परतणाऱ्या रक्तातील त्याचे प्रमाण ताडून पाहिले, आणि १९४५ ते १९४८ या वर्षांत आकडे मांडले. मेंदूच्या शंभर ग्रॅम भागातून मिनिटास सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. शरीराच्या वजनाच्या अवघा शेकडा २ हिस्सा असलेला हा अवयव विसावलेल्या शरीराच्या प्राणवायूपैकी शेकडा २० वापरतो, आणि झोपेतही त्याची ही मागणी फारशी उतरत नाही. इतका खर्च असूनही त्याच्यापाशी साठा जवळपास नाही. यकृतात पिष्ट आहे, अंगात मेद आहे. मेंदू मात्र रोजचा शिधा रोज, नव्हे क्षणाचा शिधा क्षणाला, बाहेरून आणवणारी, कोठार नसलेली राजधानी होय.

हा शिधा पेशीत कोणत्या नाण्यात खर्च होतो, ते शोधण्यात एका भारतीयाचा हात होता, आणि ते नाव आपल्याकडे जितके घ्यावयास हवे तितके घेतले जात नाही. भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह १९२७ साली फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ साली एटीपी ही द्रव्ये वेगळी केली. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यानेही एटीपीचा शोध स्वतंत्रपणे लावला. ग्लुकोज आणि प्राणवायू यांच्या संयोगातून पेशींतील तंतुकणिका हे चलन पाडतात. मेंदूत त्या चलनाचा मोठा भाग चेतापेशीच्या भिंतीतील पंप चालविण्यात जातो. हे पंप सोडियम बाहेर काढतात, पोटॅशियम आत घेतात, आणि त्यामुळेच पेशी संदेश पाठवावयास सज्ज राहते. १९६४ साली सेंट लुईस येथे ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे मस्तक छेदून, ठरावीक सेकंदांनी गोठवून, आतील एकेक द्रव्य मोजले. प्रथम फॉस्फोक्रिएटिन संपते, ग्लुकोज उतरते, दुग्धाम्ल चढते, आणि काही मिनिटांतच एटीपीचा खजिना रिता होतो. या आकड्यांनी सर्वांच्या मनावर एकच ठसा उमटविला, की रक्त थांबल्यावर मेंदूस काही मिनिटांचेच आयुष्य. म्हणजे वारे गेले ते गेले, हेच शास्त्रानेही म्हटल्यासारखे झाले.

परंतु छेदलेले मस्तक आणि गुठळी अडकलेला मेंदू यांत मोठा भेद आहे. गुठळीने एक वाट रोखली तरी विलिसने दाखविलेल्या आणि त्याहून बारीक अशा दुसऱ्या वाटांनी थोडेसे रक्त वेढ्यातल्या भागाकडे झिरपतच राहते. हे झिरपणारे रक्त काय करते, हे १९७७ साली कोपनहेगनचे जेन्स आस्ट्रुप व नील्स लासेन आणि लंडनचे लिंडसे सायमन व ब्रॅन्स्टन यांनी बॅबून वानरांच्या मेंदूत सूक्ष्म विद्युदग्रे रोवून पाहिले. शंभर ग्रॅमला मिनिटास ५० मिलिलिटर हा प्रवाह खाली खाली येऊन १५ च्या आसपास पोचला की पेशींची विद्युत्क्रिया बंद पडते, रोग्याच्या भाषेत सांगावयाचे तर हात उचलत नाही, शब्द फुटत नाही. पण पोटॅशियम अद्याप बाहेर सांडलेले नसते, पंप चालू असतात, पेशी जिवंत असते. प्रवाह सुमारे ६ पर्यंत उतरला की मग पंप बंद पडतात, पोटॅशियम बाहेर ओतले जाते, आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. या दोन उंबरठ्यांच्या मध्ये जो प्रदेश आहे, तो थांबलेला आहे, मोडलेला नाही. ग्रहणात पूर्ण छायेच्या भोवती अर्धवट उजेडाचे जे कडे असते, त्यास ज्योतिषशास्त्रात उपच्छाया म्हणतात. या शास्त्रज्ञांनी मेंदूतील त्या प्रदेशाला तेच नाव दिले.

मला या शोधाइतका आशादायक शोध वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच दिसतो. जो हात लुळा पडला त्या हाताची पेशी मेली, असे समजून शतकानुशतके वैद्यांनी ज्याच्यापुढे हात टेकले, त्याच रोग्याच्या मेंदूत मृत गाभ्याभोवती एक फार मोठा मुलूख नि:शब्दपणे रसदेची वाट पाहत पडून असतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. परसोजींच्या दरबाराचा निवाडा येथे खोटा ठरला. तो मुलूख मात्र फार काळ वाट पाहू शकत नाही. जेफ्री सेव्हर या अमेरिकी वैद्याने २००६ साली हिशेब मांडला, तो असा, की मोठी रोहिणी रुद्ध झालेल्या सामान्य रोग्याच्या मेंदूत दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

हा ऱ्हास केवळ उपासमारीने होत नाही. वेढ्यातल्या नगरात अन्नाइतकाच गोंधळही घातक असतो, तसे येथे आहे. १९४४ साली ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआंव याने सशाच्या मेंदूत काही मिलिमीटर प्रतिमिनिट या मंद गतीने पसरणारी निश्चेष्टतेची एक लाट पाहिली. पुढे कळले की गाभ्याच्या कडेने अशाच लाटा उपच्छायेवरून वारंवार जातात, आणि प्रत्येक लाटेनंतर पेशीला आपले पंप पुन्हा सुरळीत करण्यासाठी नसलेले इंधन खर्चावे लागते. दुसरी विलक्षण गोष्ट साखरेची. उपाशी मेंदूला साखर अधिक द्यावी असे कोणालाही वाटेल. परंतु रोनाल्ड मायर्स याने माकडांवर प्रयोग करून १९७७ साली दाखविले की, रक्तप्रवाह थांबविण्याआधी ज्यांना ग्लुकोज दिले होते त्यांच्या मेंदूची हानी अधिक झाली. प्राणवायूवाचून जळणारी साखर दुग्धाम्ल करते, आणि स्वीडनमधील लुंड येथे बू सीश्यो यांनी त्या आम्लाचा घातकपणा पुढे वर्षानुवर्षे अभ्यासला. झटका आलेल्या माणसाच्या तोंडात साखरपाणी घालण्याची आपली जुनी सवय म्हणूनही सोडावयास हवी. शिवाय गिळण्याची शक्ती गेलेली असेल तर ते पाणी फुप्फुसात उतरते.

आता या ऱ्हासाच्या आणखी एका कारणाकडे, दाहाकडे, येऊ. माद्रिदमध्ये, चेतापेशींचे अभ्यासक कहाल यांच्या परंपरेत वाढलेल्या पीओ देल रीओ-ओर्तेगा याने १९१९ साली रुप्याच्या क्षाराचे एक नवे रंजन वापरून मेंदूतील एका जातीच्या पेशी वेगळ्या ओळखल्या व त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. स्वस्थ मेंदूत त्या बारीक फांद्या पसरून गस्त घालतात. इजा होताच फांद्या आखडून गोल होतात व मलबा गिळू लागतात. आघातानंतर काही मिनिटांतच त्या जाग्या होतात, आणि पुढील तासांत व दिवसांत रक्तातील श्वेतपेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीस चिकटून आत शिरू लागतात. मँचेस्टरच्या नॅन्सी रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली इंटरल्युकिन-१ या दाहक द्रव्याचा मार्ग अडविला असता उंदरांच्या मेंदूची हानी कमी होते असे दाखविले, आणि दाह विझविला म्हणजे मेंदू वाचला, अशी एक सरळ वाट अनेकांना दिसू लागली.

ती वाट सरळ नव्हती. श्वेतपेशींचे चिकटणे रोखणारे एन्लिमोमॅब नावाचे प्रतिद्रव्य ६२५ रोग्यांवर अजमाविण्यात आले. त्याचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला, तो असा, की औषध दिलेल्या रोग्यांची स्थिती न दिलेल्यांपेक्षा वाईट झाली आणि त्यांच्यात मृत्यूही अधिक झाले. मूषकापासून केलेल्या त्या प्रतिद्रव्याने रोग्याच्या संरक्षणयंत्रणेलाच उलट चिथावले होते. आणि दुसरे असे, की दाह हा केवळ जाळपोळ करणारा शत्रू नव्हे. मृत पेशींचा मलबा उचलणे, नव्या रक्तवाहिन्यांस वाट करून देणे, ही कामेही त्याच पेशी करतात. आग विझविणारे आणि आग लावणारे एकाच पलटणीत असतील, तर अख्खी पलटण बरखास्त करून भागत नाही.

मग तीच पेशी एका दिवशी जाळते आणि दुसऱ्या दिवशी बांधते, हे कसे? गेल्या दीड-दोन दशकांत याचे जे उत्तर पुढे येत आहे, त्याने इंधनाचा आणि दाहाचा हे दोन वेगळे इतिहास एकत्र आणले. शांत मायक्रोग्लिया आपले चलन मुख्यत्वे तंतुकणिकांत, प्राणवायूच्या साहाय्याने पाडते. चेतविली गेली की ती साखर घाईघाईने, अर्धवट जाळण्याकडे वळते आणि दाहक द्रव्ये ओकू लागते. डागडुजीकडे वळलेली पेशी पुन्हा सावकाश, पूर्ण ज्वलनाकडे येते. थोडक्यात, पेशी काय खाते व कसे पचविते यावर ती लुटारू होणार की गवंडी, हे बऱ्याच अंशी ठरते. रक्त परत येतानाच्या हानीचेही असेच. केंब्रिजचे मायकेल मर्फी, एडवर्ड शुशानी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली उंदरांत दाखविले की, रक्त थांबलेले असताना पेशीत सक्सिनेट हे द्रव्य साचते, आणि प्राणवायू परतताच ते इतक्या वेगाने जळते की तंतुकणिकांतून विदारक प्राणवायुकण उसळतात व दाहाला सरपण मिळते. थिजू लागलेल्या भट्टीला एकदम पूर्ण दाब दिल्यास काय होते, हे रिछाईतील कारागिरास विचारावे.

या सर्व ज्ञानातून दाहावरचे खात्रीचे औषध अद्याप हाती आलेले नाही. हाती आले आहे ते वाट मोकळी करण्याचे साधन. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डनमधील रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले, आणि रक्तस्राव की गुठळी, हा वेप्फरच्या वेळी मृत्यूनंतरच सुटणारा प्रश्न मिनिटांत सुटू लागला. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील ६२४ रोग्यांवरील चाचणीने सिद्ध केले की, गुठळी विरघळविणारे टीपीए हे औषध तीन तासांच्या आत दिल्यास तीन महिन्यांनी अपंगत्वावाचून उभे राहणाऱ्यांची संख्या वाढते. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत लांबली. २०१५ साली नेदरलँड्समधील ५०० रोग्यांवरील चाचणीने, मोठ्या रोहिणीतील गुठळी तारेने ओढून काढण्याची रीत सफल ठरविली. टेनेक्टेप्लेज हे त्याच जातीचे औषध आज पुण्यातही तयार होते. ज्या पुण्यात जोतीराव डाव्या हाताने लिहीत बसले, त्याच पुण्यात.

आणि तरीही आपला हिशेब काय सांगतो? गडचिरोलीत, शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेतील डॉ. योगेश्वर काळकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंची नोंद घेतली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला निघाला, शेकडा १४.३. त्यांतील बहुतेक माणसे घरीच दगावली. परसोजींच्या नागपूरच्या राज्यातला तोही मुलूख. तेथे अजून वारे जाते, आणि लोक वारे गेले म्हणून बसून राहतात. मुंबईचे, नागपूरचे, जबलपूरचे चित्र साधनांच्या दृष्टीने बरे असेल. पण रात्रपाळीवरच्या कामगाराचे तोंड वाकडे झाले असता सकाळपर्यंत पाहू, तेल चोळून पाहू, म्हणणारी माणसे मोठ्या शहरांतही थोडी नाहीत.

म्हणून रिछाईच्या आणि त्यापलीकडच्या प्रत्येक वाचकाला एवढेच सांगणे आहे. कोणाचे तोंड एका बाजूस वाकले, दोन्ही हात वर करावयास सांगितले असता एक खाली आला, किंवा बोलणे अडखळले, तर प्रथम घड्याळात वेळ पाहून ती लिहून ठेवावी. तोंडात पाणी, साखर अथवा गोळी काहीही घालू नये. १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी आणि जेथे सीटी यंत्र आहे अशाच रुग्णालयात, साडेचार तास भरण्याच्या पुष्कळ आधी, रोग्याला पोचवावे.